नेपल्सला जाशील तर

म्युनिकहून नेपल्सला विमानाने साधारण दीड तास लागतो. जालन्याहून राजूरच्या गणपतीला हात जोडून एसटीने भोकरदनला जायलाही जवळपास तेवढाच. म्युनिकमध्ये शिकणारी माझी भाची एप्रिलमध्ये मैत्रिणींबरोबर तीन दिवस नेपल्सला निघाली आहे. "मामा, पिझ्झा आणि व्हेसुव्हियस सोडून तिथे काय बघू?" असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला भोकरदनबद्दलच सांगत बसलो.

व्हेसुव्हियस इ.स. 79 मध्ये फुटला आणि शेजारचं पॉम्पेई राखेखाली गेलं. 1938 मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंचीची. घडण पूर्ण भारतीय. लक्ष्मी म्हणून ती जगभर ओळखली जाते, पण अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. अंगावर वस्त्र नाही, दागिने मात्र भरगच्च. तांड्यावरच्या आजीबाईंच्या हातांत असतात तशा मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत जाड वाळे, पाठीवर वेणी आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या तिवईचा पाय, असा तर्क आहे.

1973 मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा निघाला. तो पॉम्पेईच्या मूर्तीशी इतका जुळतो की ती मूर्ती भोकरदनचीच असावी, असं मत पुढे आलं. तेरलाही अशीच एक मूर्ती सापडली आहे. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही जण तिचं मूळ तिकडे शोधतात. वाद मिटलेला नाही. माझा कल भोकरदनकडे आहे, आणि तो केवळ जिल्ह्याच्या प्रेमापोटी नाही. सातवाहनांच्या काळात हे भोगवर्धन नावाचं नांदतं नगर होतं. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वर्णनात नोंदलेलं आहे. पुढे मोसमी वाऱ्यावर इजिप्त, उंटावरून नाईल, तिथून अलेक्झांड्रिया आणि शेवटी पुतेओली बंदर. ते पुतेओली म्हणजे आजचं पोझ्झुओली, नेपल्सला अगदी लागून. भाची ज्या किनाऱ्यावर फिरणार, तिथेच हा माल उतरत होता.

म्हणून मी तिला आधी पुरातत्त्व संग्रहालय बघायला सांगितलं. ते मंगळवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट लागत नाही, पण त्या दिवशी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ती काटकसर करू नये. मूर्ती 'गुप्त दालना'तल्या संग्रहातली आहे. जुन्या काळी चारचौघांत दाखवायच्या नाहीत अशा वस्तू त्यात कुलपात ठेवत. दुसऱ्या दिवशी गारिबाल्डी स्टेशनवरून लोकलने पॉम्पेई, पाऊण तासाच्या आत. तिकीट आधीच काढावं, कारण दिवसाला 20 हजार माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. आत गेल्यावर व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा हा मोठा रस्ता धरायचा. मूर्ती सापडलेलं घर त्याच बाजूला आहे आणि त्याला नावही 'भारतीय मूर्तीचं घर' असंच दिलेलं आहे. तिसरा दिवस गल्ल्या, चर्च आणि पिझ्झ्यासाठी मोकळा. जर्मनीतला निवास परवाना असल्यामुळे इटलीचा वेगळा व्हिसा लागत नाही.

मात्र विमानाचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला एक ईमेल टाकायला हवा. ही मूर्ती अधूनमधून परदेशी प्रदर्शनांना जाते. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होती. भाचीने ईमेल पाठवला आहे, उत्तर यायचं आहे.