पुलाचा स्वभाव यंत्राला शिकवताना

लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण गर्दीत तो आडवा डुलू लागला होता. पुढे अरुप कंपनीच्या अभियंत्यांनी त्यावर मुद्दाम माणसे चालवून मोजमाप घेतले. उत्तरेकडच्या गाळ्यावर साधारण दीडशे माणसांपर्यंत पूल जवळजवळ स्थिर होता. आणखी थोडी माणसे वाढताच डोलणे भराभर वाढले. पूल किंचित हलला की चालणारा तोल सावरतो, आणि त्या सावरण्यात त्याचा रेटा पुलाच्या वेगाच्याच दिशेने पडतो. पुलाची कंपने विझवण्याची अंगभूत ताकद, म्हणजे अवमंदन, प्रत्येक माणूस थोडी थोडी खात जातो. अभियंत्यांनी हे सूत्रात बांधले, म्हणूनच किती अवमंदक बसवायचे ते ठरवता आले आणि 2002 मध्ये पूल पुन्हा खुला झाला.

आज पुलांवर संवेदक बसवून त्यांचे वागणे यंत्राकडून शिकून घेण्याकडे कल आहे. पण शंभर माणसांपर्यंतच्याच नोंदींवर पोसलेले न्यूरल नेटवर्क त्या नोंदींशी तंतोतंत जुळेल आणि एकशेसत्तरला साफ फसेल. म्हणून जिथे माणसांचा जीव पणाला लागलेला असतो, तिथे यंत्राने नुसते भाकीत न करता समीकरण हाती द्यावे, असे माझे ठाम मत आहे. स्टीव्हन ब्रंटन, जोशुआ प्रॉक्टर आणि नेथन कुट्झ यांनी 2016 मध्ये मांडलेली ‘सिंडी’ पद्धत हेच करते: समीकरणातल्या संभाव्य पदांची मोठी यादी घेऊन नोंदी समजावायला पुरतील तेवढी मोजकीच पदे ठेवते. माणसांमागे अवमंदन किती घटते हे असे पद पन्नास-शंभर माणसांतही दाखवू शकते, आणि ते शून्यावर कुठे येईल याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

ती यादी माणूसच करतो, खरे पद तिच्यात नसले तर भलतेच पद त्याची जागा घेते, हा आक्षेप खरा आहे. गोंगाटाच्या नोंदींतून वेग-त्वरण काढतानाही चुका होतात. पण कागदावर उतरलेल्या चुकीची परीक्षा घेता येते, न्यूरल नेटवर्कच्या लाखो भारांकांत विरलेली चूक अपघातानंतरच कळते. सांध्यांतल्या घर्षणासारखा जो भाग सूत्रात बसत नाही, तेवढाच न्यूरल नेटवर्ककडे सोपवावा. वस्तुमान आणि ताठरता आपल्याला आधीच ठाऊक असतात, ती यंत्राला नव्याने शोधायला लावू नयेत. आणि नोंदी कोणत्या भारापर्यंतच्या आहेत, हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिणे निविदेतच बंधनकारक करावे.