‘समन्वय ठेवा’ म्हणजे नेमकं काय करा?

झाशीच्या जुन्या तटाचे दरवाजे आता मोहल्ल्यांची नावं झाले आहेत. दतिया दरवाजा, उन्नाव गेट, ओरछा गेट, सागर गेट, लक्ष्मी गेट आणि आमचं खंडेराव गेट. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण इतिहास सांगतोय हे लक्षातही येत नाही. पण आजचा विषय निघाला आणि मला याच तटाच्या आतली-बाहेरची एक गोष्ट आठवली.

मार्च १८५८. सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातलेला. ३१ मार्चच्या संध्याकाळी राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला तात्या टोपे मोठी फौज घेऊन बेतवेच्या काठी पोहोचले. त्यांनी आग पेटवून खूण केली, शहरातून तोफा डागून आनंदाने उत्तर दिलं गेलं. रोझने वेढा उठवला नाही. साधारण १५०० माणसं घेऊन तो १ एप्रिलला तात्यांवर चालून गेला. तात्यांना माघार घ्यावी लागली. त्या वेळी तटाच्या आतून आणि बाहेरून एकाच वेळी हल्ला झाला नाही. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडल्या.

राणीच्या शौर्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, आणि हार होण्याची कारणं अनेक होती. पण एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. आत लढणारे होते, बाहेर लढणारे होते, खूण पोहोचली होती, उत्तरही गेलं होतं. तरी दोन्ही बाजूंचं बळ एका वेळी एका ठिकाणी लागलं नाही. निरोप पोहोचणं म्हणजे समन्वय नव्हे. कोण, कधी, काय करणार हे ठरलं आणि तसं झालं, तर तो समन्वय.

मधल्या माणसाचं काम दिसत नाही

आता आपल्या घरात या. कुणाची ताई, कुणाचा दादा, कुणाचा मुलगा एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ असतो. आजी विचारते, “म्हणजे तू करतोस काय?” उत्तर देताना तो गोंधळतो. डिझाइन दुसरं कुणी करतं, बांधकाम दुसरं कुणी, हिशोब तिसरं कुणी. हा सगळ्यांना फोन करतो, आठवण देतो, अडलेलं सोडवतो.

वर्षाच्या शेवटी साहेबांसमोर बसल्यावर हाच गोंधळ महागात पडतो. काम वेळेत झालं तर श्रेय करणाऱ्यांना. काम रखडलं तर “कोऑर्डिनेशन कमी पडलं” हे वाक्य ठरलेलं. आणि पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट काय लिहून मिळतं? ‘समन्वय सुधारा’, ‘जास्त लक्ष द्या’, ‘टीमला सोबत घ्या’. किती सुधारलं म्हणजे सुधारलं? हे कुणीच सांगत नाही. मग पगारवाढ, बढती, कधीकधी नोकरीसुद्धा साहेबांच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरते. म्हणून मोजता येईल असं उद्दिष्ट हे फक्त मॅनेजमेंटचं खूळ नाही. हातात मोजमाप असलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येते.

‘स्मार्ट’ मधला विसरलेला ‘ए’

उद्दिष्टांसाठी ‘स्मार्ट’ हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो. जॉर्ज डोरान यांनी तो नोव्हेंबर १९८१ मध्ये एका मॅनेजमेंट मासिकातल्या लेखात मांडला. आज ‘ए’ म्हणजे ‘अचीव्हेबल’, म्हणजे गाठता येण्याजोगं, असं शिकवतात. डोरान यांच्या मूळ लेखात मात्र ‘ए’ होता ‘असाइनेबल’. म्हणजे हे कोण करणार, त्याचं नाव सांगता आलं पाहिजे.

समन्वयाच्या कामात हाच ‘ए’ सगळ्यात महत्त्वाचा. ‘आपण सगळे बघू’ असं ठरलेलं काम कुणीच बघत नाही. गणपतीच्या मंडळात विचारा! मांडववाल्याला ॲडव्हान्स कोण देणार हे ‘सगळ्यांनी’ ठरवलं की आदल्या दिवशी धावपळ नक्की.

कोकण रेल्वेने काय शिकवलं

मोठ्या कामात हे कसं चालतं, ते बघायला आपल्या कोकण रेल्वेइतकं चांगलं उदाहरण नाही. १९९० साली काम सुरू झालं. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर. वाटेत सह्याद्री, खाड्या, नद्या. नव्वदीच्या वर बोगदे, लहान-मोठे मिळून जवळपास २००० पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. पैसा केंद्राचा आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांचा. एवढ्या सगळ्यांना एका रुळावर आणायचं काम ई. श्रीधरन यांच्याकडे होतं.

त्यांनी पूर्ण मार्गाचे सात विभाग केले आणि प्रत्येक विभाग एकेका चीफ इंजिनिअरकडे दिला. म्हणजे साधारण शंभर किलोमीटरला एक जबाबदार माणूस. डोरान यांचा ‘ए’ तो हाच. ‘कोकणात रेल्वे आणू’ हे स्वप्न. ‘हा माझा शंभर किलोमीटरचा तुकडा आणि ही माझी तारीख’ हे उद्दिष्ट.

सुरुवातीला १९९४ मध्ये काम पूर्ण करायचं ठरलं होतं. ते झालं नाही. मऊ मातीतले बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत होते, गोव्यात मार्गावरून वाद झाला. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. मग उद्दिष्ट फसलं म्हणायचं का? तुकडे पाडलेले असल्यामुळे तसं म्हणता येत नाही. मंगळुरू–उडुपी आणि रोहा–वीर या टोकाच्या टप्प्यांवर १९९३ मध्येच गाड्या धावू लागल्या होत्या. उशीर कुठे होतोय आणि कशामुळे, हे दिसत होतं. सगळ्यांच्या माथी सरसकट दोष आला नाही.

पुढे श्रीधरन दिल्ली मेट्रोत गेले. तिथल्या ऑफिसांत आणि साइटवर त्यांनी उलटी चालणारी घड्याळं लावली. पुढच्या टप्प्याला किती दिवस उरलेत ते येता-जाता प्रत्येकाला दिसायचं. साधारण ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा १० वर्षांत करायचा होता, तो सव्वासात वर्षांत झाला. घड्याळाने बोगदा खणला नाही हे खरं. पण “अजून वेळ आहे” म्हणायची सोय त्याने ठेवली नाही.

नळ मोजायचा की पाणी?

मोजायला लागलो की एक धोका असतो. मोजायला सोपं तेच आपण मोजतो.

आमच्या बुंदेलखंडातलं उदाहरण घ्या. इथे उन्हाळ्यात पाणी हा घरातल्या बाईच्या दिवसाचा केवढा भाग खातो, ते गावाकडे जाऊन बघावं. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात ३.२३ कोटी घरांत, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत नळ होते. उद्दिष्ट होतं प्रत्येक घरात नळ. पण योजनेत एक महत्त्वाची अटही लिहिली होती. नळ ‘चालू’ असला पाहिजे, म्हणजे माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचं आणि नियमित पाणी. २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवण्यात आली.

‘नळ बसला’ हा एक आकडा आणि ‘पाणी आलं’ हा दुसरा. पहिला मोजायला सोपा, पण कळशी दुसऱ्यानेच भरते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. एखाद्या आकड्यालाच उद्दिष्ट बनवलं, की तो आकडा भरवशाचा राहत नाही, कारण लोक आकडा गाठण्यासाठी काम करू लागतात.

समन्वयाच्या टीममध्ये ‘नळ’ कुठले? किती मीटिंगा घेतल्या, किती मेल पाठवले, किती फोन केले, ग्रुपवर किती मेसेज टाकले. हे आकडे वाढवणं अगदी सोपं आहे. कधीकधी तर मीटिंगा वाढणं हेच काम अडल्याचं लक्षण असतं.

मग ‘पाणी’ कसं मोजायचं?

माझ्या मते समन्वयाचं काम चार प्रश्नांत मोजता येतं.

१. अडलेली गोष्ट किती दिवसांत सुटते? कुणी प्रश्न विचारला त्या दिवसापासून निर्णय मिळेपर्यंतचे दिवस मोजा.

२. उशिराची खबर आधी मिळते का? उशीर झालेल्या कामांपैकी किती कामांचा उशीर तारीख उलटण्याआधी कळवला गेला? उशीर टाळणं नेहमी कोऑर्डिनेटरच्या हातात नसतं, पण खबर देणं असतं.

३. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं काम परत येतं का? लेखकाकडून डिझायनरकडे गेलेल्या १० फायलींपैकी किती “यात फोटोच नाहीत” म्हणून परत आल्या?

४. मीटिंगमध्ये ठरलेल्या किती गोष्टींपुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहिलेली आहे?

आता समजा, एका टीमकडे महिन्यात २० कामं आहेत. १३ वेळेत झाली, म्हणजे ६५ टक्के. उरलेल्या ७ पैकी फक्त दोघांचा उशीर आधी कळला. प्रश्न सुटायला सरासरी ५ दिवस लागतात. हे झालं आजचं चित्र. यावरून उद्दिष्ट असं लिहिता येईल: ‘तीन महिन्यांत २० पैकी १६ कामं वेळेत. उशीर होणाऱ्या प्रत्येक कामाची खबर निदान दोन दिवस आधी. प्रश्न सुटायला सरासरी दोन दिवस.’ ‘समन्वय सुधारा’ आणि या तीन ओळी शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच कळेल.

चार पथ्यं

पहिलं, आधी चार आठवडे फक्त नोंद ठेवा, मग आकडा ठरवा. आज कुठे आहोत हे माहीत नसताना ‘१०० टक्के वेळेत’ लिहिणं म्हणजे वजन न करता पाच किलो कमी केल्याचं सांगणं.

दुसरं, तीन-चारपेक्षा जास्त उद्दिष्टं नकोत. पंधरा आकडे भरत बसलात तर समन्वय करायला वेळ उरणार नाही.

तिसरं, वेगाच्या आकड्याला दर्जाच्या आकड्याची जोड द्या. प्रश्न दोन दिवसांत सुटले, पण तेच प्रश्न पुढच्या आठवड्यात परत आले, तर ते सुटले नव्हतेच.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उशिराची खबर देणाऱ्यावर ओरडू नका. पहिल्यांदा खरं सांगणाऱ्याला बोलणी बसली, की दुसऱ्यांदा सगळे “होतंय, होतंय” म्हणतात. मग तक्त्यातले आकडे सुंदर दिसतात आणि काम मात्र तिथेच असतं. आकडा माणसाला पकडण्यासाठी वापरला तर लोक तो लपवतात. अडचण शोधण्यासाठी वापरला तर तेच लोक तो स्वतःहून आणून देतात.

या आठवड्याचं काम

तुम्ही ऑफिसात असा, बचत गटात असा, सोसायटीच्या कमिटीत किंवा घरच्या मुंजीच्या तयारीत, एक छोटी गोष्ट करून बघा. एका कागदावर चालू असलेली सगळी कामं लिहा. प्रत्येकापुढे एकच नाव आणि एकच तारीख. जिथे नाव सुचत नाही, तिथे काम अडणार आहे असं समजा आणि आजच तो फोन करा. महिनाभराने तोच कागद काढा आणि किती कामं तारखेला झाली ते मोजा.

आणि घरातल्या कोऑर्डिनेटर ताई-दादाला साहेबांनी पुन्हा ‘समन्वय सुधारा’ म्हटलं, तर त्यांनी हा कागद पुढे ठेवावा आणि नम्रपणे विचारावं, “सर, आत्ता इतकं आहे. किती झालं म्हणजे सुधारलं म्हणायचं, ते आपण मिळून लिहूया का?” चांगला साहेब या प्रश्नाने खूश होईल. आणि जो होणार नाही, त्याच्यासमोरही तुमच्या हातात तो कागद असेल.