दिव्याला टोपी हवी

आकाशाचे फोटो काढणे हा श्रीमंतांचा छंद, असे वर्गमित्र म्हणतात. मला ते पटत नाही. मी दादाचा जुना मोबाईल खळ्यात दोन विटांमध्ये उभा करतो. तीस सेकंदांचा एक, असे १२० फोटो म्हणजे एक तास. तेवढ्यात तारे ध्रुवाभोवती १५ अंश सरकतात. फोटो एकावर एक रचले की कमानी उमटतात. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केले होते, पाहिले मात्र खळ्यात!

यंदा गावात उंच खांबावर पांढरे दिवे लागले आणि उत्तरेचे आकाश पुसले गेले. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८-२० अंशांवर. तोच आधी जातो. आईजवळ कुरकुर केली, तर ती म्हणाली, "अंधारातच आजीला विंचू चावला होता ना रे?" मी गप्प बसलो. ज्यांनी अंधार भोगला, त्यांना अंधाराचे कौतुक मी काय सांगणार?

तरी म्हणतो, दिवे राहोत, फक्त त्यांना वरून टोपी असावी. विंचू जमिनीवर असतो, आभाळात नव्हे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला; तिथल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे असेच जमिनीकडे तोंड करणारे बसवले आहेत.

ग्रामपंचायतीसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. पहिली सही आईची हवी. ती अजून विचार करते आहे.