पाटी पुसण्यापूर्वी

जुना लॅपटॉप पुन्हा वापरात आणायचा असेल तर डिस्क पुसा, तिचे नव्याने विभाग पाडा आणि मग नवी प्रणाली बसवा, हा सल्ला आता सर्वतोमुखी झाला आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा संपल्यापासून तर तो अधिकच ऐकू येतो. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नाही. मात्र मराठीत लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाने तो जसाच्या तसा अमलात आणला, तर आपल्या हातून नेमके काय पुसले जाते, याचा विचार व्हायला हवा.

मुळात 'पुसणे' या एका शब्दाखाली निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर विभागांची नोंद पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघ्या ६४ बाइटांत असते. विभाग काढून टाकणे म्हणजे ही नोंद खोडणे. ग्रंथाची अनुक्रमणिका फाडावी, पण पाने तशीच राहावीत, असा हा प्रकार. झटपट फॉरमॅटही याच जातीचे. विंडोज व्हिस्टापासूनचे पूर्ण फॉरमॅट मात्र डिस्कभर शून्ये लिहिते. तिथे पानेच कोरी होतात. आणि नवी प्रणाली बसवताना ती ज्या जागेवर लिहिली जाते, तिथला जुना मजकूर कायमचा जातो. कोणता जाईल आणि कोणता उरेल, हे आपण ठरवत नाही.

यावर आपल्याकडे एक सोपा तोडगा रूढ आहे: 'सी' विभाग पुसायचा, 'डी' राखायचा. प्रणाली पहिल्यात आणि लेखन दुसऱ्यात, अशी ही वाटणी. मीही एकदा तेच केले. 'डी'मधील टिपणे सुखरूप राहिली. उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती. कारण साधे होते. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्थान मिळाले असले, तरी पुढे कितीतरी वर्षे आपले लेखन श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत होत राहिले. त्यांत अक्षर म्हणून साठवले जाई ते रोमन चिन्ह किंवा एखादा अंक. त्याला देवनागरी रूप देई तो फाँट. आणि फाँट राहतो 'सी'मध्ये, विंडोजच्या पोटात. मी मजकूर वाचवला आणि लिपी पुसून टाकली.

रूपांतराची साधने आहेत, हे खरे. पण ती चालवायला मूळ फाँट कोणता हे ठाऊक हवे. वर्डच्या फाइलीत निदान त्याचे नाव सापडते. साध्या मजकुराच्या फाइलीत तेही नसते. तेव्हा अशा लेखनाच्या बाबतीत डिस्क हीच हस्तलिखित होय, एकेकटी फाइल नव्हे.

लेखकाला आपले लेखन नष्ट करण्याचा अधिकार नाही, असे मला म्हणायचे नाही. टेरी प्रॅचेट यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अपूर्ण लेखनाची हार्ड डिस्क ऑगस्ट २०१७मध्ये इंग्लंडमध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. याउलट सलमान रश्दी यांचे जुने संगणक त्यांच्या कागदपत्रांसह अमेरिकेतील एमरी विद्यापीठात आहेत, आणि २०१०पासून अभ्यासकांना त्यांपैकी एका मॅकिंटॉशचे मूळ वातावरण जसेच्या तसे अनुभवता येते. दोन टोकांचे हे दोन निर्णय. पण दोन्ही निर्णय आहेत. आपल्याकडे बहुधा निर्णयच होत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात किंवा निवर्ततात, घरची मंडळी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात देतात आणि 'साफ करून द्या' एवढेच सांगतात.

म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, म्हणजे जुन्या डिस्कवर नवे काही लिहिले जाणार नाही. आणि 'डीडी'सारख्या आज्ञेने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, 'सी'सकट, बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती उघडते की नाही हे पाहावे. मग खुशाल पुसावे. लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल तर नीटच पुसावे, कारण त्यात विद्यार्थ्यांचे गुण आणि खाजगी पत्रेही असतात.

पाठचिकित्सेच्या तासाला आपण पोथ्यांतील पाठभेद शिकवतो. आपल्याच पिढीचे पाठभेद कुठे साठलेले आहेत, हेही त्याच तासाला शिकवायला हवे. तुकोबांची बुडवलेली गाथा इंद्रायणीने परत दिली, असे परंपरा सांगते. शून्यांनी भरलेली डिस्क काही परत देत नाही.