लॉटरी बंद केली म्हणून...

'राज्य लॉटरी बंद करा' अशी मागणी अधूनमधून निघतेच. तामिळनाडूने २००३ साली ती बंद केलीही. प्रोबॅबिलिटी शिकलेल्या आपल्याला हे पटकन पटतं. पण महाराष्ट्राने १९६९ साली लॉटरी काढली तीच मुळी लोकांना मटक्यापासून दूर ठेवायला. मटका संपला नाही, मान्य! तरी आमच्या मेसच्या काकांना उद्या तिकीट मिळालं नाही, तर ते काय पोस्टात पैसे टाकणार? आकडाच लावतील. तिथे ना छापील तिकीट, ना जाहीर सोडत. बुकी पळाला तर तक्रार कुणाकडे करायची? त्यापेक्षा लॉटरी राहू द्या, जाहिरातबाजी थांबवा आणि तिकिटावर ठळक छापा: इतक्या लाख तिकिटांत पहिलं बक्षीस एकच. काकांना तेवढं गणित येतं.