इंजिन नाही म्हणून बंदी नाही. पण वाऱ्याला हे कोण सांगणार?

विश्लेषण : तीन नंबरचा बावटा, उलांडीची होडी आणि जोडहोडीचं शीड

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. मोबाईलवर मेसेज येतो : सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. पावसाळ्यात हा मेसेज इतक्या वेळा येतो की आपण तो वाचतो, दुसऱ्या ग्रुपवर ढकलतो आणि विसरतो. मोठे ट्रॉलर तेव्हा बंदरातच असतात. त्यांना बंदी असते. पण खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यालगत, वल्ह्यावर आणि शिडावर चालणारी छोटी होडी मात्र त्याच दिवसांत पाण्यात दिसते. देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने तेच.

यंदाच्या हंगामात या छोट्या होडीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. कारण नियम, इशारा आणि मदत या तिन्ही गोष्टी मोठ्या नौकेचा विचार करून बनल्या आहेत, आणि वारा सगळ्यात आधी छोटीला गाठतो.

नियम काय सांगतो?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. हेतू दोन : माशांच्या विणीचा काळ सांभाळणं आणि खवळलेल्या समुद्रात जीव जाऊ न देणं. ही बंदी यांत्रिक नौकांना असते. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे.

सूट योग्यच आहे. ज्याच्याकडे फक्त होडी आणि जाळं आहे, त्याने दोन महिने चूल कशी पेटवायची? माशांच्या दृष्टीने पाहिलं तरी एक छोटी होडी किती मासळी ओढणार? पण जिवाच्या दृष्टीने गणित उलटं पडतं. इंजिन असलेली, जड, उंच कडांची, वायरलेस असलेली नौका घरी, आणि हलकी, उघडी, शिडाची होडी बाहेर. म्हणजे जिला परवानगी आहे तिलाच धोका जास्त. ‘बंदी नाही’ याचा अर्थ ‘जायला हरकत नाही’ असा होत नाही. तो निर्णय होडीवाल्यालाच घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला लागणारी माहिती कुणी त्याला नीट सांगत नाही.

५५ चा वारा म्हणजे नेमकं काय?

आकडा ऐकून वाटतं, २० चा वारा रोज असतो, ५५ म्हणजे पावणेतीनपट. तसं नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. २० च्या तुलनेत ५५ चा वारा शिडाला साडेसातपट जोराने ढकलतो. ६५ चा झोत आला तर दहापटीहून जास्त. ज्या दोरीने काल शीड एका हाताने धरलं होतं, ती आज दोन माणसांना धरवत नाही. कारण एवढंच.

मोबाईल नसला तरी दर्या स्वतः सांगतो. पाण्यावर इथे-तिथे पांढरे तुरे दिसू लागले म्हणजे वारा साधारण २० ते २८ किलोमीटर. सगळीकडेच तुरे दिसले तर ३० च्या वर. विजेच्या तारा शिट्टी मारू लागल्या, छत्री धरवेना झाली, तर वारा ४० च्या पुढे गेला. तारा वाजायला लागल्या की शिडाची छोटी होडी वर ओढलेलीच बरी. तेव्हा इशारा आला की नाही हे बघतही बसू नका.

आणखी एक फसवा प्रकार आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो जोरात असला तरी किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, कारण लाट उठायला तिथे अंतरच नसतं. माणूस म्हणतो, दर्या शांत आहे. अर्धा-पाऊण मैल बाहेर गेला की लाट सुरू होते, आणि परतायचं तर वाऱ्याच्या तोंडावर. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा निदान घराकडे ढकलतो. मतलई वारा बाहेर नेतो.

उलांडी आणि जोडहोडी : चुलत बहिणीच

आपल्या होडीला एका बाजूला उलांडी असते. आडव्या वाशांवर बांधलेलं ते लाकूड होडीला कलंडू देत नाही. मुंबई-गोव्याच्या पाण्यात फायबरची जोडहोडी दिसते, ज्याला कॅटामरान म्हणतात : दोन अरुंद होड्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये ताणलेलं कापड, वर मोठं शीड. शब्द आपल्या शेजारचाच आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम’ म्हणजे लाकूड. तिथलं कट्टुमरम मात्र ओंडके बांधून केलेलं असतं. दोन होड्या जोडायची रीत पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची.

सप्टेंबरपासून जलक्रीडा पुन्हा सुरू होते. किनाऱ्यावरची आपली पोरं या धंद्यात आहेत. आज त्यांच्या हातात बोटी आहेत, उद्या शिडाच्या जोडहोड्या येतील. म्हणून दोन्हींची कुंडली एकत्र समजून घेऊ.

दोघींचं बळ रुंदीत आहे, आणि धोकाही तिथेच आहे. जगभर सगळ्यात जास्त चालणारी ‘होबी १६’ घ्या. लांबी ५ मीटरच्या आसपास, रुंदी सुमारे २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या जवळपास. साध्या वाऱ्यात ती पाटासारखी स्थिर. पण वाऱ्याकडची बाजू पाण्यातून जरा उचलली गेली की तिचं बळ तिथेच संपलेलं असतं. त्यापुढे ती जितकी उचलते तितकी कमजोर होते आणि क्षणात उलटते. साधी जड होडी आधी कलून इशारा देते, ही इशारा द्यायला थांबत नाही. उलटल्यावरही तिला तसंच राहायला आवडतं, कारण रुंद वस्तू पालथीही तितकीच स्थिर.

उलांडीचंही तसंच. वारा उलांडीच्या बाजूने असेल तर झोताने ती पाण्यातून उचलली जाते. वारा दुसऱ्या बाजूने असेल तर ती पाण्यात दाबली जाते आणि सगळा भार बांधणीवर येतो. म्हणजे एका दिशेला जाताना भीती उचलण्याची, परत येताना भीती बांधणी तुटण्याची. जाणारा तोच, येणारा तोच, पण होडी दोन वेगळ्या.

निघण्याआधी किनाऱ्यावर

वाऱ्याच्या अपघाताची सुरुवात बहुतेक वेळा वाळूतच झालेली असते. म्हणून :

• शीड चढवताना होडीची नाळ वाऱ्याकडे ठेवा. आडव्या वाऱ्यात शीड चढवलं की रिकामी होडी किनाऱ्यावरच उलटते.

• डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. होबी १६ ची डोलकाठी ८ मीटरची, आणि अॅल्युमिनियममधून वीज जाते. किनाऱ्यावरच्या वीजतारांखाली डोलकाठी उभी करणं म्हणजे जीव देणं. डोलकाठी उभी असताना होडी तारांखालून ढकलूही नका.

• उलांडीच्या प्रत्येक गाठीला हात लावा. नायलॉनचा दोर उन्हाने कमजोर होतो, तरी लांबून बरा दिसतो. नखाने खरवडल्यावर भुसा निघाला तर दोर बदला.

• जोडहोडीत डोलकाठीला धरणाऱ्या तारा, त्यांच्या पिना आणि पिनांच्या कड्या तपासा. कडीवर चिकटपट्टी गुंडाळा. एक कडी निसटली की अख्खी डोलकाठी डोक्यावर.

• दोन्ही होड्यांची बुचं लावली का? हास्यास्पद वाटेल, पण बूच विसरल्यामुळे एका बाजूत पाणी भरतं आणि वारा आल्यावरच ते कळतं.

• शीड लहान करता येत असेल तर किनाऱ्यावरच करा. करता येत नसेल तर ते घट्ट ताणून सपाट करा. फुगलेलं शीड वारा जास्त धरतं, सपाट शीड कमी. शीड खाली ओढायचा दोर कुठे अडकत नाही ना, हे दोनदा बघा.

वारा अंगावर आल्यावर

पहिला नियम : दामण, म्हणजे शीड आवळायची-सैल सोडायची दोरी, कधीही बांधून ठेवू नका. ती हातात हवी. झोत आला की सैल सोडा. शीड फडफडलं तरी चालेल. फडफडणारं शीड फाटेल, पण होडी उलटवणार नाही. हात दुखतो म्हणून दामण खुंटीला बांधणं ही सगळ्यात महागाची सवय.

दुसरा : वाऱ्याच्या जवळजवळ तोंडावर जात असाल तर दामण सोडता सोडता नाळ आणखी वाऱ्याकडे वळवा, जोर कमी होतो. पण वारा पाठीमागून असेल तेव्हा एकदम वाऱ्याकडे वळू नका. त्या वळणात वारा आडवा मिळतो आणि होडी पलटते. तिथे दामण सैल आणि दिशा वाऱ्याबरोबरच.

तिसरा : पाठीमागच्या जोराच्या वाऱ्यात नाळ पाण्यात घुसते आणि होडी पुढच्या टोकावरून कोलांटी घेते. जोडहोडीत हे फार लवकर होतं. नाळ बुडू लागली की माणसांनी मागे सरकायचं आणि दामण सोडायची. पुढे बसून पाणी उपसत राहणं ही चूक.

चौथा : उलटलात तर होडी सोडू नका. पोहणारा माणूसही लाटांत लांबून दिसत नाही, होडी दिसते. ‘किनारा दिसतोय, पोहत जातो’ म्हणणारे अनेक जण पोचलेले नाहीत. जोडहोडी उभी करायची तर आधी सगळ्या दामणी सोडा, नाळ वाऱ्याकडे येऊ द्या, मग उभं करायच्या दोराला धरून मागे झुका. एकट्या हलक्या माणसाला हे सहसा जमत नाही, म्हणून वाऱ्यात एकट्याने जाऊ नका. आणि उभी राहिली की तिला धरूनच राहा, नाहीतर ती तुम्हाला सोडून निघून जाईल.

हे फक्त दर्याचं नाही

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. उजनीच्या पाण्यात, इंदापूर तालुक्यातलं कळाशी आणि करमाळ्यातलं कुगाव यांच्यामध्ये, वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. ते धरणाचं पाणी होतं, रोजच्या जाण्या-येण्याचा रस्ता होता. त्याआधी २४ मे २०२२ रोजी आपल्या तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. दोन्ही वेळा महिना मेचा. म्हणजे बंदी लागायच्या आधीचा, पावसाळ्याच्या तोंडावरचा, सगळे निर्धास्त असतात तो काळ. वारा कॅलेंडर बघत नाही.

मग करायचं काय?

सरकारकडून मागायच्या गोष्टी आहेतच. मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण नाव नोंदलेलं हवं. इंजिनवाल्या नौकेची कागदपत्रं असतात, खलाशांची नावं असतात. वल्ह्याच्या होडीवर भावाबरोबर जाणाऱ्या पोराचं नाव कुठे असतं? सोसायटीत जाऊन हे आधी विचारा.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. होड्या जिथून निघतात तिथे एक वही ठेवा. कोण गेलं, किती जण, कुठल्या बाजूला, कधीपर्यंत परत. परत आला की खूण. दिवेलागणीला ज्याच्या नावापुढे खूण नाही त्याच्यासाठी लगेच फोन. तटरक्षक दल १५५४, सागरी सुरक्षा १०९३. आज आपल्याकडे शोध सुरू होतो तो घरच्यांना काळजी वाटू लागल्यावर, म्हणजे रात्री. वहीने तो दोन-तीन तास आधी सुरू होईल, उजेड असताना. पाण्यात अडकलेल्या माणसासाठी तेवढा वेळही मोठा असतो.

लाईफ जॅकेटचंही तेच. होडीत पडलेलं जॅकेट उलटल्यावर घालता येत नाही. अंगावर असेल तरच ते जॅकेट, नाहीतर उशी.

आपले जुने लोक वारा पडायची वाट बघत किनाऱ्यावर बसून राहायचे, जाळी शिवायचे. ‘वारो पडांदे, मगे बघूया’. त्या वाक्यात भीती नव्हती, हिशोब होता. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. त्याआधीचे दिवस त्याने काहीही मागू नये, एवढा हिशोब आपल्यालाही जमायला हरकत नाही.