गाव सुटलेल्या मुलीची बाजू

चवथीला वास्कोहून पेडण्याच्या घरी आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची परीक्षा माटोळीखाली होते. गणपतीच्या माथ्यावर टांगलेल्या फळांकडे बोट दाखवून काका विचारतो, हे काय, ते काय? नारळ, सुपारीचा घड, नीरफणस इथवर ती तरते. आंबाड्यांपाशी अडखळते, कांगलांपाशी गप्प होते. निकाल जागच्या जागी लागतो: वास्कोला जाऊन चेडू आपलं राहिलं नाही. मग आईबापांना उपदेश सुरू होतो. पेडण्यातच वाढलेल्या तिच्या चुलतभावाला या परीक्षेला कुणी बसवत नाही, आणि ती फळं यंदा रानातून आली की म्हापशाच्या बाजारातून, हेही कुणी काढत नाही.

ही घरगुती कुरकुर असती तर सोडून दिली असती. पण हेच म्हणणं व्यासपीठावरून आणि वर्तमानपत्रातून जड शब्दांत मांडलं जातं. ओळख गावात असते, गाव सुटलं की ती सुटते, आणि वयात येता येता सुटलं तर मुलगी ना धड इकडची राहते ना धड तिकडची, असा त्याचा सारांश. हे म्हणणं सपशेल खोटं आहे, आणि त्याविरुद्ध साक्ष द्यायला बाहेरचा कुणी बोलवावा लागत नाही. वास्को ज्यात आहे तो मुरगाव तालुकाच उभा आहे.

कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. मंगेश देव मूळचा तिथला. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा १५६० साली लिंग जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं गेलं. त्याच धामधुमीत सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला आणि सांकवाळचीच विजयादुर्गा केरीला. कुठ्ठाळी सुटली म्हणून मंगेश मंगेश राहिला नाही, असं म्हणायची कुणाची छाती आहे? उलट तो जिथं गेला त्या जागेलाच मंगेशी म्हणू लागले, आणि पुढं दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं ते त्या नव्या जागेवरून. डिचोलीकरांनी तर या वादात तोंडच उघडू नये. त्यांच्या नार्वेचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचं देऊळ बांधून काढायला लावलं ते नार्वेला. साडेतीनशे वर्षं झाली, त्याला उपरा म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

यावर उत्तर येतं की देवांची गोष्ट वेगळी. ते बळजबरीनं गेले, आणि भक्त त्यांच्याबरोबर गेले. कबूल. पण मग मुद्दा मातीचा राहिलाच कुठं? बरोबर कोण गेलं आणि नव्या जागी पूजा चालू राहिली का, एवढाच तो उरतो. आणि बळजबरीचंच म्हणाल तर चौदा वर्षांच्या मुलीला तरी कोण विचारतं? वडलांना बंदरात, गोवा शिपयार्डात किंवा दाबोळीला नोकरी लागली की घर हलतं. डिचोलीच्या खाणींचं खनिज बार्जांतून मांडवी उतरून मुरगावच्या धक्क्याला लागायचं, त्या बार्जांच्या मागोमाग माणसंही हलली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि काही घरं पुन्हा हलली. त्या हलण्यात मुलीचं मत हा विषयच नसतो.

आता जरा दुखऱ्या जागी बोट ठेवतो. मुलीनं गाव बदलावं, घर बदलावं, आडनाव बदलावं, पुष्कळ घरांत तर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून तिनं पाळण्यातलं नावही सोडावं, अशी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या आनंदानं, वाजंत्री लावून चालवली. त्या वेळी तिच्या ओळखीचं काय होईल, हा प्रश्न एकाही काकाला पडला नाही. नव्या घरी रुळली की सून गुणाची. तीच मुलगी लग्नाआधी दहा वर्षं बापाच्या बदलीमुळं साठेक किलोमीटर दक्षिणेला गेली, शापोरा, मांडवी, जुवारी ओलांडली, आणि तिथं रुळली, की मात्र मुळं तुटली! बारा गावचं पाणी प्यालेला पुरुष आपल्याकडं हुशार गणला जातो. मुलीनं दुसऱ्या गावचं पाणी प्यायलं की आपल्या पोटात दुखतं. तेव्हा काळजी मुळांची आहे की मुलगी हातातून सुटण्याची, हे एकदा ठरवावं.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्यात या वादाचा निकाल लागतो. १९०४ साली कुर्डीला जन्म. आई गेली तेव्हा मूल जेमतेम दहा वर्षांचं. नाटक मंडळीतल्या भूमिका, मग सांगली. गोव्याबाहेर, नात्यागोत्याच्या बाहेर, पोरकी मुलगी. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते, त्यांच्या कानावर तिचा रियाज पडला आणि ते शिकवू लागले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढं खाँसाहेब मुंबईला गेले तर तीही गेली. आजच्या आपल्या निकषांवर ही मुलगी पार भरकटलेली ठरावी: गाव नाही, घर नाही, गुरू वेगळ्या धर्माचा, गाणं जयपूरचं. प्रत्यक्षात काय झालं? जयपूर घराण्याचं गाणं तिनं पचवलं, पोटच्या किशोरीला दिलं, आणि नावापुढचं कुर्डीकर शेवटपर्यंत ठेवलं. कुर्डी गाव नंतर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की त्याचे चौथरे वर येतात आणि विखुरलेली माणसं तिथं जमतात. गावाचं नाव देशभर पोचवलं ते मात्र गाव सोडून गेलेल्या मुलीनं.

सांकवाळच्या कोसंबींचंही घर असंच. धर्मानंद १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले, हार्वर्डपर्यंत पोचले, आणि लिहिलं मराठीत. १९१८ मध्ये त्यांनी मुलांना अमेरिकेला नेलं: विशीला टेकलेली माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर. दामोदर तिथल्या शाळेत वाढला, हार्वर्डला शिकला, आणि पुढं त्यानंच गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या गावकरी या ग्रामसंस्थेचा अभ्यास करून लेख लिहिला. माणिकनं रॅडक्लिफची पदवी घेतली. बाप आणि भाऊ आपल्या पुस्तकांत आले. माणिकचं नाव सांकवाळमध्येही किती जणांना सांगता येईल, देव जाणे.

आता दुसऱ्या बाजूचे. हे शिकलेले, इंग्रजी बोलणारे, मवाळ दिसणारे. त्यांच्या मते गाव, बोली, माटोळी हे सगळं ओझं; मुलीला ते उतरवू द्या, जगाची नागरिक होऊ द्या. काकांपेक्षा मला यांचीच धास्ती अधिक वाटते. काका निदान काहीतरी हातात देऊन मग परीक्षा घेतात. हे हात रिकामेच ठेवतात.

रिकाम्या हातांचं काय होतं ते हवाईत दिसलं. तिथल्या राणीचं राज्य उलथवल्यावर १८९६ च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी केलं गेलं. ऐंशी-नव्वद वर्षांत अशी पाळी आली की हवाईयन बोलणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली. बोली हरवलेली बाकीची मुलं कुठं गेली नव्हती, आपल्याच बेटांवर, आपल्याच घरांत होती. १९७८ मध्ये भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला, १९८४ मध्ये आईबापांनी हवाईयन बोलणाऱ्या बालवाड्या काढल्या, तेव्हा कुठं ती पुन्हा पोरांच्या तोंडी आली. महागाईनं आज मूळ हवाईयनांपैकी निम्म्याहून अधिक लोक बेटांबाहेर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. लास व्हेगसला तर गमतीनं नववं बेट म्हणतात. तिकडं गेलेल्या हवाईयन मुलीनं मी कोण असं विचारलं, तर तिला उत्तर जुळवायला बोली, गाणं, नाच हाताशी आहे, कारण कुणीतरी ते वेळेवर सांभाळलं. गावात राहूनही ओळख जाते आणि गाव सोडूनही राहते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

माझी बाजू अशी. ओळख मुलीला वारशात तयार मिळत नाही. वारशात कच्चा माल मिळतो. ओळखीला आकार येतो तो कुणी विचारल्यावर, आणि पेडण्यात विचारतंच कोण? तिथं सगळे तिच्यासारखेच बोलतात. वास्कोच्या शाळेत बाकावर शेजारी नौदलातल्या बिहारी घराची मुलगी, मागं बायण्याची कन्नड बोलणारी, पुढं चिखलीची ख्रिस्ती. आमची मुलगी पेडण्याच्या बोलीत, पेडणेकारीत, एक वाक्य बोलते आणि वर्ग हसतो: मालवणी! त्या हसण्यानं ती चार दिवस रडते, हे खरं आहे आणि त्याला मी छोटं करणार नाही. पण आपली बोली ही एक बोली आहे, तिला सीमा आहेत, तिच्या पलीकडं सासष्टीची कोंकणी आहे आणि अलीकडं पुस्तकातली मराठी आहे, हे तिला त्या हसण्यानंतरच कळतं. डिचोलीत १८७७ साली जन्मलेला वामन वर्दे वालावलीकर मुंबईला गेला आणि तिथं त्याला कोंकणी सापडली; तो शणै गोंयबाब झाला. मराठीवाल्यांना हे नाव इथं रुचणार नाही, माझा नाइलाज आहे.

या मुलीला ‘मराठी की कोंकणी’ या वादात साक्षीदार म्हणून उभं करणं बंद झालं पाहिजे. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा झाला, त्यावर भांडायला मोठी माणसं समर्थ आहेत. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता केली आणि दोन्हीकडच्यांनी डोक्यावर घेतली. चौदा वर्षांच्या मुलीकडून मात्र आपण एकीची शपथ मागतो. तिला घरात पेडणेकारी बोलायला मिळावी, वाचायला चांगली मराठी पुस्तकं मिळावीत, मैत्रिणींशी ती हवं ते बोलेल. माटोळीच्या फळांची नावं तिला सांगावीत, परीक्षा न घेता. आणि वास्कोही तिचंच आहे, हे घरातल्यांनीच आधी मान्य करावं. तिथल्या दामोदराचा भजनी सप्ताह १८९९ पासून चालतो. जोशींच्या घरच्या त्या देवळात रात्री दोन वाजता अभंगाला टाळ धरणाऱ्यांतली किती घरं मूळची वास्कोची? ते शहरच रेल्वे आणि बंदरामागून आलेल्यांचं.

इथं आमच्या पेडणेकरांचाही खोटेपणा उघडा पडतो. आमची मुलगी वास्कोत परकी पडते म्हणून आम्हाला कळवळा, आणि तिच्या मागच्या बाकावरची, बायण्यात जन्मलेली, आमच्या मुलीहून जास्त वर्षं मुरगावात काढलेली कन्नड घरातली मुलगी मात्र भायली, म्हणजे बाहेरची! तीही वयात येते आहे, तिलाही कुणीतरी सुटीत बागलकोट नाहीतर विजापुराकडं नेऊन तिथल्या सणाची परीक्षा घेतंच, आणि नापास करतं. सरकारी नोकरीसाठी गोवा सरकार पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतं. ती अट कुणाला जाचक वाटेल, पण निदान आकडा तरी सांगितलेला आहे. आमचा आकडा किती वर्षांचा, की किती पिढ्यांचा, ते गोंयकारपणावर भाषणं देणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा कागदावर लिहून द्यावं.